कथकसाठी कोअरचा (पोट-कमरेच्या आतल्या स्नायूंचा) व्यायाम: सात महिने ‘झुरळ’ होऊन झाल्यावर

आमच्या हॉलमधल्या फरश्या दोन बाय दोन फुटांच्या आहेत. जानेवारीत एका फरशीच्या मधोमध खडूने फुली मारली आणि तिच्यावर उभं राहून २१ चक्करा (जागच्या जागी गिरक्या) घेतल्या. संपल्या तेव्हा कोपर टीव्हीच्या टेबलावर आपटलं होतं. फुलीपासून दीड फरशी, म्हणजे तीन फूट डावीकडे.

वय ४१, बँकेत दिवसभर बसून काम, मोठ्या खंडानंतर पुन्हा सुरू केलेला क्लास आणि डोक्यावर मध्यमा पूर्णची परीक्षा. ततकार (पायांच्या ठोक्यांचे बोल) चौगुनीत, म्हणजे चौपट लयीत, गेला की कंबर भरून यायची. शिकवणाऱ्या ताई दर क्लासला ओरडायच्या, “पोट आत!” मी पोट आत ओढायचे, त्याबरोबर श्वासही अडकायचा. मग पढंत, म्हणजे तोंडाने बोल म्हणणं, काय करणार, कप्पाळ!

त्याआधी एका जिममध्ये तीन महिने घालवले होते. रोज १०० क्रंचेस आणि दात-ओठ खाऊन तीन मिनिटांचा प्लँक. मान अवघडली, चक्करा होत्या तशाच राहिल्या. शेवटी कंबरेसाठी फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने बरगड्यांखाली दोन्ही बाजूंना माझीच बोटं ठेवायला लावली आणि म्हणाली, “खोका.” बोटांखाली जे टणक झालं, ते कामाचं. पोट आत ओढणं वेगळं आणि चारी बाजूंनी कसणं वेगळं, हे मला चाळिशीत कळलं. पोटाच्या आतला थर पट्ट्यासारखा कमरेभोवती असतो, मागे मणक्यालगतचे बारीक स्नायू, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ. हे सगळं मिळून जणू एक डबा, हाच कोअर. त्याचं झाकण म्हणजे श्वासपटल. श्वास रोखला की ते जागीच अडकतं, म्हणून कसून धरलेल्या पोटातही श्वास चालू ठेवायला शिकायचं. माझे पहिले तीन आठवडे एवढ्यातच गेले.

तिने दिलेले व्यायाम मोजून चार. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात वर्षानुवर्षं मणक्यावर काम केलेल्या स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन (कर्ल-अप म्हणजे उताणं पडून डोकं-खांदे किंचित उचलणं, साइड प्लँक म्हणजे कुशीवर अंग उचलून धरणं, बर्ड-डॉग म्हणजे रांगत्या स्थितीत विरुद्ध बाजूंचे हात-पाय लांब करणं) आणि चौथा डेड बग. यात मिनिटंच्या मिनिटं ताणून धरायचं नसतं. साधारण दहा सेकंद धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. घड्याळाकडे बघत व्यायाम करायचा मला कंटाळा, म्हणून तीनतालाचा लेहरा (तालाचं आवर्तन दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी सुरावट) मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीला लावला. १६ मात्रांचं आवर्तन बरोबर दहा सेकंदांत होतं. सम (आवर्तनाची पहिली मात्रा) आली की हातपाय बदलायचे. व्यायाम टिकला तो या एका युक्तीमुळे, नाहीतर फेब्रुवारीतच बंद पडला असता.

डेड बगला माझी मुलगी ‘झुरळ’ म्हणते. उताणं पडायचं, हात छताकडे, गुडघे काटकोनात वर, मग उजवा हात डोक्याकडे आणि डावा पाय समोर, सावकाश. कंबर आणि सतरंजी यांच्यामधली फट वाढू द्यायची नाही. दिसतं फालतू. पहिल्या दिवशी चौथ्या वेळी कंबर कमानीसारखी उचलली गेली आणि तिथेच मला माझा हस्तक (नाचातली हाताची हालचाल) दिसला! हात वर नेताना माझ्या बरगड्या पुढे यायच्या, कंबर आत जायची, आणि त्याच वाकड्या खांबावर मी चक्कर घ्यायचे. टाच जागेवर राहणार कशी? ताई इतकी वर्षं सांगत होत्या ते जमिनीवर पडल्यावर समजलं.

आता जे क्लासमध्ये कुणी बोलत नाही ते. बाळंतपणानंतर ततकाराच्या जोरदार आघाताला लघवीचे थेंब जाणं बऱ्याच जणींना होतं. पुन्हा क्लास सुरू केल्यापासून मी पॅड लावूनच घुंगरू बांधत होते आणि हे असंच असतं अशी समजूत करून घेतली होती. पाचव्या महिन्यात पॅड सुटला. पण इथे ऐकीव माहितीवर जाऊ नका, तपासून घ्या. काहींचा ओटीपोटाच्या तळाचा स्नायू सैल नसतो, उलट ताठलेला असतो, आणि आवळत बसलं तर त्रास वाढतो.

फरक लगेच दिसला नाही. दोन महिने काहीच नाही, फक्त संध्याकाळी बँकेतून निघताना पाठ कमी दुखायची. चौथ्या महिन्यात जुना आणि नवा व्हिडिओ शेजारी ठेवून पाहिले. जुन्यात प्रत्येक ठोक्याला कमरेला खोचलेल्या ओढणीचं टोक उडतंय. नव्यात पाय तितकेच वाजतायत, ओढणी मात्र शांत. ताईंना दाखवलं तर म्हणाल्या, “बरं. आता मान सरळ ठेव.” शाबासकीची आशा नव्हतीच.

काय सुधारलं नाही तेही सांगते. भोवळ तशीच येत होती. तिचा संबंध नजरेशी आणि कानाच्या आतल्या भागाशी. समोरच्या एका खुणेवर नजर परत परत आणायचा रियाज वेगळाच करावा लागला. पोटऱ्यांचं दुखणं कमी झालं नाही, पायात शंभर-शंभर घुंगरं बांधल्यावर ते ओझं पायांनाच उचलावं लागतं. आणि पोट सपाट झालं का, हे विचारू नका. कमरेचा घेर होता तेवढाच आहे. ते हवं असेल तर हा व्यायाम तुमच्यासाठी नाही.

खर्च म्हणाल तर फिजिओच्या चार भेटी आणि एक जाड सतरंजी. आठवड्यातून पाच दिवस, पंधरा मिनिटं, रियाजाच्या आधी. आधी यासाठी की नंतर अंगात त्राण राहत नाही आणि दमलेली कंबर चोरपावलांनी जुन्या सवयीवर जाते. साइड प्लँक मी अजून गुडघे टेकूनच करते, उजवा खांदा कुरकुरतो.

परवा फुली पुन्हा काढली. २१ चक्करांनंतर मी त्याच फरशीवर होते, फुलीपासून वीतभर डावीकडे. ताईंनी आता ततकाराबरोबर पढंतही माझ्याकडेच दिली आहे. चौगुनीत तिसऱ्या आवर्तनापर्यंत बोल स्वच्छ येतात, चौथ्यात अजून श्वास तुटतो.