‘नवी’ जर्मन गाडी घेताय? तिची वॉरंटी कधी सुरू झाली ते आधी लेखी घ्या

१०,००० डॉलर रोख भरले, ५४,००० डॉलरचं कर्ज काढलं, आणि दारात उभी राहिली ती आठ महिन्यांपूर्वीच कागदोपत्री विकून झालेली गाडी. मला ती कोरी करकरीत म्हणून विकली. ब्रँडचं, डीलरचं आणि आमच्या राज्याचं नाव लिहीत नाही, कारण वकिलाने तसं बजावलंय. बाकी सगळं लिहितो, कारण अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत जर्मन गाडीची हौस किती आहे ते मला माहीत आहे आणि त्या विक्रेत्यांनाही ते पक्कं माहीत आहे.

विक्रेता आपलाच होता, सांगलीकडचा मुलगा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. “काका, तुम्हाला कसा फसवेन?” हे वाक्य त्याने न विचारताच टाकलं होतं. असं न विचारता कुणी म्हणालं की सरळ आपल्या जुन्या गाडीच्या किल्ल्या परत मागा आणि घरी या.

तारीख ३० नोव्हेंबर २०२४. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, महिन्याचा शेवटचा दिवस. आमच्या राज्यात रविवारी गाड्यांची विक्री कायद्यानेच बंद, म्हणजे जे काय ते आज. त्यात निवडणूक नुकतीच झालेली. “टॅरिफ लागणार काका, जानेवारीनंतर ही किंमत विसरा.” ती गाडी तेव्हा अमेरिकेच्या मातीत कित्येक महिने उभी होती, तिला कसलं टॅरिफ लागणार होतं? शिवाय “थेट जर्मनीहून आलेली” हेही होतंच. बीएमडब्ल्यूच्या एक्स-३, एक्स-५ साउथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गला बनतात, मर्सिडीजच्या मोठ्या एसयूव्ही अलाबामात, ऑडीची क्यू-५ मेक्सिकोत. व्हीआयएनचं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचं, पहिलं अक्षर बघा: १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिका, ३ असेल तर मेक्सिको, डब्ल्यू असेल तर बहुधा जर्मनी (मेक्सिकोतल्या क्यू-५ चा नंबरही डब्ल्यूनेच सुरू होतो). माझ्या गाडीचा नंबर डब्ल्यूने सुरू होत नाही. गाडी कुठे बनली याचं मला काही वाटत नाही, पण पहिली थाप तिथेच होती.

आता तो क्षण. आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. सह्या व्हायच्या आधी तो मला गाडीत बसवून फोन जोडून देत होता. स्क्रीनवर आधी जोडलेल्या फोनांची यादी आली. तीन नावं. त्यातलं एक तर कुणाच्या तरी ‘मॉम’चं. मी म्हटलं, “हे कोण?” त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत तिन्ही नावं पुसली. “टेस्ट ड्राइव्हवाले हो काका, लोक फोन लावून बघतात.” ओडोमीटरवर ६४६ मैल. “पिट्सबर्गच्या डीलरकडून अदलाबदलीत आणली, चालवतच आणावी लागते.” आमच्यापासून पिट्सबर्ग साडेतीनशे मैल. उरलेले तीनशे मैल काय ‘मॉम’ने टेस्ट ड्राइव्हला घातले? हे गणित मला रात्री अंथरुणात सुचलं. तिथे, बायको शेजारी, मुलगी मागच्या सीटवर खूश होऊन बसलेली, आणि डीलर आपापसांत गाड्या बदलतात हे शंभर टक्के खरं असताना, कुणाला सुचलं असतं? थाप अशीच मारतात, तिच्यातला अर्धा भाग खरा असतो.

आकडे देतो. खिडकीवरच्या स्टिकरवर ५८,८९५ डॉलर. सूट २,५००. म्हणजे ५६,३९५. मग शेजारी दुसरा स्टिकर, कारखान्याच्या स्टिकरसारखाच दिसणारा पण डीलरने स्वतः छापलेला: ‘प्रोटेक्शन पॅकेज’ २,४९५ डॉलर. त्यात काय, तर रंगावर लेप, काचेवर कोरलेला नंबर आणि टायरमध्ये नायट्रोजन. आपण श्वासात घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो! “आधीच लावलंय, काढता येत नाही.” कागदपत्रांची फी ७९९. एकूण ५९,६८९, वर कर आणि नोंदणी. पहिला स्टिकर १९५८ च्या केंद्रीय कायद्याने सक्तीचा आहे. दुसऱ्याला कसलीही सक्ती नाही, तो फाडून त्याच्या हातात द्या.

फायनान्सच्या खोलीत वेगळा माणूस बसतो, तो काही काका-मामा म्हणत नाही. टॅबलेट समोर सरकवतो आणि बोटाने सही कुठे करायची ते दाखवत जातो. मला ६.९९ टक्के लावले, साठ महिने, हप्ता १,०६९ डॉलर. त्याच महिन्यात त्याच मॉडेलला कंपनीच्या स्वतःच्या फायनान्सचा दर ४.९९ होता, माझा क्रेडिट स्कोअर ८०० च्या वर असताना. वरचे दोन टक्के म्हणजे पाच वर्षांत सुमारे ३,००० डॉलर. यात डीलरचा वाटा असतो आणि तो कायदेशीर आहे. स्वतःच्या क्रेडिट युनियनचं (इथली सभासदांची पतसंस्था) कर्जमंजुरीपत्र खिशात ठेवूनच आत जा. आणि “महिन्याला किती झेपेल?” या प्रश्नाला उत्तर देऊच नका.

भांडं फुटलं मार्चमध्ये. नोव्हेंबरात घेतलेली गाडी वार्षिक सर्व्हिसिंग मागायला लागली. दुसऱ्या गावच्या डीलरकडे नेली. तिथल्या बाईंनी नंबर टाकला आणि सहज म्हणाल्या, वॉरंटी सुरू झाली मार्च २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात. जर्मन ब्रँडांची वॉरंटी साधारण चार वर्षं किंवा ५०,००० मैल, आणि घड्याळ सुरू होतं ते गाडी पहिल्यांदा ‘विकली’ अशी नोंद झाली त्या दिवसापासून. माझ्यासाठी ती चार वर्षांची नव्हतीच. वॉरंटीबाहेर या गाड्यांचं एखादं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल गेलं की काय बिल येतं ते ज्यांनी भरलंय त्यांना विचारा.

मार्चअखेरच का? तिमाही संपते म्हणून. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजची इथे लक्झरीत पहिल्या नंबरासाठी वर्षानुवर्षं झुंज चालते, मागे ऑडी धावते. २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने अमेरिकेत ३ लाख ७१ हजारांवर गाड्या विकल्या, ऑडी दोन लाखांच्या आतच राहिली. आकडा गाठला की डीलरला कंपनीकडून बोनस मिळतो. मग गिऱ्हाईक नसलं तरी गाडी ‘डेमो’ (दाखवायला, फिरवून बघायला ठेवलेली) किंवा ‘लोनर’ (ग्राहकाची गाडी दुरुस्तीत असताना त्याला वापरायला द्यायची) म्हणून नोंदवायची, विक्रीत धरायची आणि मॅनेजरच्या घरच्यांनी फिरवायची. ही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या एसईसीने सप्टेंबर २०२० मध्ये बीएमडब्ल्यूला १.८ कोटी डॉलर दंड केला तो याच प्रकाराबद्दल: २०१५ ते २०१९ या काळात विक्रीचे आकडे फुगवले, डीलरांना पैसे देऊन गाड्या डेमो-लोनर दाखवायला लावल्या, असा ठपका होता. कंपनीने आरोप मान्यही केले नाहीत आणि नाकारलेही नाहीत, पैसे भरून मोकळी झाली. तो दंडही गुंतवणूकदारांची दिशाभूल केली म्हणून. गाडी घेणाऱ्याचा त्यात कुणी विचारच केला नव्हता.

डेमो गाडी घेण्यात गैर काही नाही. लोक मुद्दाम शोधून घेतात, पण चांगली घसघशीत सूट मिळवून. मला सूट मिळाली ती मिळाल्यासारखी करून पॅकेजमध्ये परत काढून घेतली.

आता दाद मागायची म्हणून निघालो, तर टोलवाटोलवी सुरू. कंपनीच्या ग्राहक कक्षाला फोन केला. उत्तर: डीलर हा स्वतंत्र व्यावसायिक आहे, किमतीत आम्ही पडत नाही. जाहिरातीत मात्र तुमचाच लोगो, तुमचंच ‘कुटुंबात स्वागत’! सरकारी खिडकीवर गेलो. तिथला गृहस्थ माझे कागद चाळून म्हणाला, आधी कुणाच्या नावावर टायटल, म्हणजे मालकीचा कागद, निघालंच नव्हतं, म्हणजे आमच्या लेखी गाडी नवीच. मी म्हटलं, मग वॉरंटी जुनी कशी? तो म्हणाला, ते कंपनीला विचारा. कंपनी म्हणते डीलरला विचारा. डीलर ताकास तूर लागू देत नाही. दुसऱ्या एका खात्याने ऑनलाइन तक्रार घेतली, पोचपावतीचा नंबर दिला आणि पुढे पत्र धाडलं की तुम्ही सही केलेल्या करारात लवादाचं कलम आहे, म्हणजे वाद कोर्टाऐवजी लवादापुढेच न्यायचा, तेव्हा आमचा इलाज नाही. कलम होतं खरंच, अकराव्या पानावर, टॅबलेटवर, जिथे मला फक्त पिवळी चौकट दाखवली होती. कर भरताना हीच सरकारं एका डॉलरची चूक पकडतात. इथे हजारोंचा चुना लागला तर म्हणतात वकील करा. वकील तासाला ४५० डॉलर घेतो.

केंद्राचं तर विचारूच नका. एफटीसीने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या केंद्रीय व्यापार आयोगाने, डिसेंबर २०२३ मध्ये चांगला नियम केला होता: खरी किंमत सांगा, आणि हवेएवढाच नायट्रोजन असलेल्या टायरसारख्या निरुपयोगी गोष्टींचे पैसे घेऊ नका. डीलरांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील कोर्टाने प्रक्रियेतल्या त्रुटीवरून तो अख्खा नियम रद्द केला. आणि ‘तीन दिवसांत गाडी परत करता येते’ असं जे आपले लोक एकमेकांना छातीठोकपणे सांगतात, ते शोरूममधून घेतलेल्या गाडीला लागू नाही. मीही त्याच भरवशावर होतो.

सही करायच्या आधी व्हीआयएन घेऊन भलत्याच डीलरच्या सर्व्हिस विभागाला फोन करा आणि ‘इन-सर्व्हिस’ तारीख, म्हणजे वॉरंटीचं घड्याळ सुरू झाल्याची तारीख, विचारा. तारीख आलेली असेल तर ती गाडी नवी नाही, मग समोरचा तुमच्या मामेभावाचा मित्र असो. खरेदीच्या कागदावर ‘वॉरंटी आजपासून’ असं हाताने लिहून घ्या. स्क्रीनवर परके फोन दिसले तर पुसू देऊ नका, आधी फोटो काढा. माझ्याकडे तो फोटो नाही. आणि नंतर कंपनीचा सर्व्हे येतो, त्यात “सगळे दहा द्या हं काका” म्हणतील. मी दिले. आता तेच दहा-दहा त्यांनी माझ्या तक्रारीच्या उत्तराला पुरावा म्हणून जोडलेत: ग्राहक पूर्ण समाधानी होता.

डीलरने तोडगा म्हणून देऊ केलं: एक ऑइल चेंज आणि रबरी मॅटचा सेट, वर कुठेही काही लिहिणार नाही अशा कागदावर सही. सही केलेली नाही. लवादापुढे अर्ज गेलाय. वकील म्हणतो, एकाच डीलरकडून अशा दोन-चार गाड्या गेल्याचं दिसलं तर प्रकरणाला वजन येईल. तेव्हा २०२४ मध्ये पूर्व किनाऱ्यावर ज्यांनी महिनाअखेरीला नवी जर्मन गाडी घेतली असेल, त्यांनी आपली इन-सर्व्हिस तारीख काढून खरेदीच्या तारखेशी ताडून बघा, आणि फरक निघाला तर मला खाजगीत कळवा.