४०,५०० रुपये गेले, आजोबांचा बेस पण गेला. बँडवाल्यांनो, व्हॉल्व्ह दाबून दाखवल्याशिवाय पैसे सोडू नका

आमचा बँड आजोबांपासूनचा. त्यांचा जुना बी फ्लॅट बेस, म्हणजे टुबा, घरात होता. भोंगा आणि मोठ्या नळ्या ठणठणीत, पण पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायचे व्हॉल्व्ह, इतके झिजलेले की अर्धी हवा व्हॉल्व्हमधूनच निघून जायची. नवीन घ्यायची ऐपत नाही, म्हणून मोडीतल्या दुसऱ्या बेसचा तीन पिस्टनचा ब्लॉक आणून आपल्या भोंग्याला जोडायचा असं ठरवलं. यात येडेपणा काही नाही, जुन्या पार्टांतून वाद्य उभं करणारे चांगले मिस्त्री आहेत. हे आधीच सांगतो कारण घरात आता रोज तेच ऐकतोय.

व्हॉट्सॲपवर एक माणूस भेटला, मेरठच्या जली कोठीत दुकान आहे म्हणाला. बँडची वाद्यं तिथेच बनतात हे आपल्याला सगळ्यांना माहीत, मग कोण शंका घेणार? नंतर तिथल्याच एका कारागिराला फोन केला तर या नावाचा माणूसच तिथे नाही. ॲडव्हान्स ८,०००, मग ब्लॉक आणि जोडणीचे २२,५००, मग पॉलिशचे ६,२००, वर ट्रान्सपोर्टचे ३,८००. बेस मी माझ्या हाताने गोणपाटात शिवून पाठवला. घरातली वस्तू अशी पाठवू नका, मिस्त्रीला दारात बोलवा नाहीतर सोबत जाऊन बसा.

आता ते सांगतो ज्याने अजून झोप लागत नाही. बाकीचे पैसे द्यायच्या आधी त्याने व्हिडिओ पाठवला होता. बेस वाजतोय, दणदणीत, सा प सा. मी तो चार वेळा बघितला. त्याची बोटं पिस्टनवर नुसती ठेवलेली होती, एकदाही खाली गेली नाहीत! मोकळे सूर, म्हणजे पिस्टन न दाबता निघणारे, तर अठरा फुटांच्या नळीतून येणारच, व्हॉल्व्ह कुठलेही असोत. आणि फोटोत दुसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड, म्हणजे त्याची ओढून काढता येणारी नळी, बोटभर दिसत होती. बी फ्लॅट बेसला अर्धा सूर उतरवायला त्या व्हॉल्व्हमध्ये तेरा इंचांच्या आसपास नळी लागते. हा ब्लॉक युफोनियमचा होता, नऊ फुटांच्या वाद्याचा, सगळं निम्मं. वीस वर्षं वाजवतोय मी, मला हे दिसायला हवं होतं. पण तुळशीचं लग्न दहा दिवसांवर, सुपाऱ्या घेतलेल्या, रात्री अकराला त्याचा फोन की आत्ता पैसे टाका नाहीतर गाडी निघून जाईल. टाकले.

बेस आला. पहिला व्हॉल्व्ह दाबला की पूर्ण सूर उतरायच्या जागी जेमतेम अर्धा उतरतो. नळी बारीक म्हणून फुंक अडकते. जोडाला नख लावलं तर सोनेरी रंगाचा पापुद्रा निघाला, खाली डाख नाहीच, एमसील! आणि ते बसवायला आजोबांच्या बेसची मूळ नळी करवतीने कापलेली.

फोन बंद. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लावला तर म्हणे हा खरेदीचा वाद आहे. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. पोलीस ठाण्यात तीन चकरा, तिसऱ्यांदा बेस मोटरसायकलवर बांधून नेला, तर साहेब म्हणतात, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? मेरठला जाऊन तक्रार द्या." अहो, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येतो, मग माझा का नाही? लेखी अर्ज दिला, पोच मागितली तर वर बघितलंसुद्धा नाही. तुम्ही जाल तेव्हा पोच घेतल्याशिवाय उठू नका. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर म्हणे बँड म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यात चालते, हे मला वकिलाकडून कळलं, त्या खिडकीवर बसलेल्याला माहीत नाही? पाच लाखांपर्यंत फी पण लागत नाही, तेही कोणी सांगितलं नाही. तक्रार आता टाकलीय.

कोणी जुना ब्लॉक दाखवला तर एकेक पिस्टन दाबून वाजवायला लावा, स्लाइडला टेप लावून फोटो मागा. पिस्टन न दाबता स्लाइड ओढायची आणि मग दाबायचा, टप्पकन आवाज आला तर हवा धरतोय.

आमच्या बेसला अजून खरा ब्लॉक हवाय. कोणाकडे असेल तर सांगा, मी टेप घेऊन स्वतः येतो. पैसे वाजवून बघितल्यावर, तिथेच.