व्हॉइस टायपिंग: दुखऱ्या बोटांनी घेतलेली परीक्षा

फोनच्या कीबोर्डवरील माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलले की मजकूर आपोआप उमटतो, ही सोय बहुतेकांनी घरच्यांना निरोप पाठवण्यापुरतीच वापरलेली असते. माहितीपटांसाठी ट्रान्सक्रिप्शन, सबटायटल्स आणि निवेदनाची संहिता लिहून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या फ्रीलान्सरचे दिवसभराचे काम तिच्या भरवशावर निभावेल का, हे तपासण्याची वेळ चिकुनगुनियामुळे आली. आजारपणानंतरचा कामाचा हा पहिला आठवडा मी जवळजवळ बोलूनच लिहिला असून, त्यावरून बनलेले मत येथे मांडत आहे.

चिकुनगुनियाचा ताप काही दिवसांत उतरतो, पण सांध्यांचे दुखणे अनेकदा कित्येक आठवडे, तर काहींच्या बाबतीत महिनोन्‌महिने रेंगाळते आणि त्यातही मनगट, बोटे, घोटे यांचे लहान सांधे अधिक धरतात. विषाणूवर थेट औषध नसल्याने वेदनाशामके, विश्रांती आणि बेताबेताने वाढवलेला व्यायाम यांवरच भिस्त ठेवावी लागते. महाराष्ट्राला हा आजार नवा नाही. १९७३ साली बार्शीत त्याची साथ आली होती आणि दीर्घ खंडानंतर २००५-०६ मध्ये तो देशभर पुन्हा फैलावला. सकाळी मूठ पुरती वळत नाही, बरणीचे झाकण फिरवता येत नाही, या गोष्टी घरातले कोणीतरी सांभाळून घेते. पण कीबोर्ड सांभाळून घेणारे कोणी नसते, आणि फ्रीलान्सरला पगारी रजा हा प्रकार ठाऊकच नसतो.

मी इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा कीबोर्ड आराखडा वापरतो. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असल्यामुळे एरवी दोन्ही हातांत काम छान वाटले जाते. पण जोडाक्षरासाठी दर वेळी हलंताची, म्हणजे अक्षराचा पाय मोडण्याची, कळ दाबावी लागते. ‘राष्ट्रीय’ एवढा एक शब्द लिहायला नऊ कळा आणि ‘ष’साठी शिफ्ट लागते, हे निरोगी बोटांना कधी जाणवत नाही, सुजलेल्या बोटांना मात्र त्यातली प्रत्येक कळ मोजून जाणवते. बोलून लिहिताना हाच शब्द निमिषात आणि ऱ्हस्वदीर्घासह बिनचूक उमटतो. रोजच्या वापरातील प्रमाण मराठीपुरते बोलायचे तर या सोयीचे शुद्धलेखन अनेक पदवीधरांपेक्षा चांगले आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

या आठवड्यातील मुख्य काम बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांवरील माहितीपटाच्या मुलाखती उतरवून काढण्याचे होते. ध्वनिमुद्रण स्पीकरवर लावून फोन त्याच्यासमोर धरण्याचा सोपा मार्ग पहिल्याच मुलाखतीत निकामी ठरला, कारण मागे ट्रॅक्टरची घरघर, मध्येच बैलगाडीवाल्याची हाक आणि एका वेळी तिघांचे बोलणे अशा गोंधळातून वाक्य वेगळे काढणे या यंत्रणेला जमत नाही. त्याऐवजी थेट प्रक्षेपणाच्या सबटायटल्ससाठी परदेशी वाहिन्यांवर रुळलेली पद्धत मी उचलली: कानात इअरफोन घालून मूळ बोलणे ऐकायचे आणि तेच वाक्य आपल्या स्वच्छ आवाजात फोनला सांगायचे. या रीतीने कच्चा मसुदा हाताने टाइप करण्यापेक्षा लवकर हाती येतो आणि बोटांवरील ताण अगदी नाममात्र राहतो.

अडचण येते ती बोलीची. ‘काय करायलास’ हा मराठवाड्यातला साधा प्रश्न. फोनने त्याचे ‘काय करायला आज’ केले. उसाच्या शेंड्याकडील हिरवा पाला, जो जनावरांना चारा म्हणून घालतात, त्याला फडात ‘वाढे’ म्हणतात. मसुद्यात सर्वत्र ‘वडे’ आले आणि बैल वडे खात असल्याचे वाचून माहितीपटाची संकलक बराच वेळ हसत राहिली. ‘मुकादम’ (मजुरांची टोळी आणणारा) आणि ‘उचल’ (मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे) हे शब्द नीट आले, पण ‘मोळी’ची कधी ‘मुळी’ झाली, तर कधी ‘पोळी’. ज्या शब्दांत त्या माणसांचे जगणे आहे, नेमके तेच ही यंत्रणा आपल्या ओळखीच्या शब्दांत बदलून टाकते, आणि हे बदल शुद्धलेखनाच्या दृष्टीने निर्दोष असल्यामुळे नजरेतून सहज निसटतात. म्हणून मसुद्याचे अंतिम वाचन ध्वनी ऐकतच केले पाहिजे. नुसते वाचून भागत नाही.

विरामचिन्हे जवळपास सगळी हातानेच द्यावी लागतात, आकडे इंग्रजी अंकांत येतात आणि विचार करायला थोडे थांबले की माइक बंद पडतो. सबटायटल्ससाठी तर ही सोय जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तेथे शब्द लिहिण्यापेक्षा ते दोन ओळींत बसवणे आणि वेळेशी जुळवणे हेच खरे काम असते, आणि ते माउसविना होत नाही. निवेदनाच्या संहितेला मात्र तिचा अनपेक्षित उपयोग झाला. एका श्वासात न बोलता येणारे वाक्य बोलतानाच उघडे पडते; त्याच वेळी ‘म्हणजे’, ‘तर’, ‘असं की’ यांचा पाचोळाही जमतो, जो नंतर झाडून काढावा लागतो.

आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: बोलण्याचेही श्रम होतात. तासभर सलग बोलल्यावर घसा बसतो आणि थकलेल्या आवाजात चुका वाढतात. पुढील महिनाभर मी सकाळी बोटे आखडलेली असताना बोलून मसुदा, दुपारी विश्रांती आणि संध्याकाळी हात सैल झाल्यावर दुरुस्ती असाच क्रम ठेवणार आहे. रात्री फूटेज पाठवून सकाळी ट्रान्सक्रिप्शन मागणारी कामे तूर्त घेणार नाही. कॉलरला लावायचा एक साधा माइक मात्र घेणार आहे, कारण फोन तोंडासमोर धरून ठेवण्यात मनगट पुन्हा कामाला लागते.

सोय फुकट आहे, हात दुखत असलेल्या कोणाही लिहिणाऱ्याने कच्च्या मसुद्यासाठी ती जरूर वापरावी. फक्त आवाज ओळखण्याचे काम अनेकदा फोनमध्ये न होता इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर होते. मुकादमाविरुद्ध किंवा कारखान्याविरुद्ध बोललेल्या, नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर दिलेल्या मुलाखती त्यामुळे मी या मार्गाने उतरवलेल्या नाहीत. त्या बोटे बरी होईपर्यंत थांबतील, असे निर्मात्यांना कळवले आहे.