बर्कलेचा एक कोर्स की कोलंबियाचे दोन?

बर्कले आणि कोलंबिया या दोन्ही अमेरिकन विद्यापीठांकडून प्रवेश मिळालाय आणि बाकी सगळं तोलून झालंय, असं धरून लिहितो. रँकिंग, फी, न्यूयॉर्कची थंडी यांत शिरत नाही. प्रश्न एवढाच आहे की आपल्यापेक्षा वेगळ्या माणसांबद्दल शिकलंच पाहिजे, ही पदवीची अट कुठे जास्त विचारानं बांधली आहे. मी स्वतः बर्कलेची वाट धरली. त्यामुळे माझं पारडं थोडं तिकडे झुकणार, हे लक्षात ठेवून वाचा.

बर्कलेच्या अटीचं नाव ‘अमेरिकन कल्चर्स’. कँपसवर सगळे नुसतं ‘एसी’ म्हणतात. प्राध्यापकांच्या सेनेटनं ती 1989 मध्ये मंजूर केली आणि 1991 पासून नव्या मुलांना लागू झाली. कोर्स एकच, पण इंजिनिअरिंगवाल्यापासून इतिहासवाल्यापर्यंत कुणालाही सुटका नाही. यादीत पाच समूह आहेत: आफ्रिकन अमेरिकन, मूलनिवासी, आशियाई अमेरिकन, चिकानो-लॅटिनो (मेक्सिकन आणि इतर लॅटिन अमेरिकन वंशाचे) आणि युरोपियन अमेरिकन. त्यांतले किमान तीन एकाच कोर्समध्ये, एकमेकांशी ताडून शिकवले तरच त्या कोर्सला ‘एसी’ लागतं.

कोलंबियाचं कोअर, म्हणजे सगळ्यांना सक्तीच्या कोर्सचा संच, याहून कितीतरी जुनं आहे. ‘कंटेम्पररी सिव्हिलायझेशन’ 1919 पासूनचं, ‘लिट हम’ (लिटरेचर ह्युमॅनिटीज) 1937 पासूनचं. दोन्ही वर्षभर चालतात आणि मुख्यतः पाश्चात्त्य ग्रंथांवर उभी आहेत. त्यांना जोड म्हणून ‘ग्लोबल कोअर’ आहे. मंजूर यादीतले दोन कोर्स घ्यायचे, तेही लेटर ग्रेडवर, म्हणजे नुसतं पास-नापास नाही, ए-बी-सी अशी ग्रेड. आफ्रिका, आशिया, अमेरिका खंड, मध्यपूर्व असा मोठा पसारा आहे आणि भर मूळ साधनांवर. ही जमेची बाजू मी मनापासून मानतो. यादीतले कोर्स दोन प्रकारचे असतात: एकाच संस्कृतीचा दीर्घ प्रवास सांगणारे, किंवा अनेक संस्कृती समोरासमोर ठेवणारे.

माझं घोडं अडलं ते याच ‘किंवा’पाशी. दोन्ही कोर्स पहिल्या प्रकारचे घेतले तरी अट पुरी होते. आपल्याकडच्या मुलाला दक्षिण आशियाच्या इतिहासाचा एक आणि भारतीय परंपरेचा एक असे दोन कोर्स घेऊन मोकळं होता येतं. नावं ओळखीची, कथा आजीकडून ऐकलेल्या, ग्रेड बहुधा चांगली. वर वर्गात भारताबद्दल काही निघालं की सगळ्या माना त्याच्याकडे वळतात आणि तो विद्यार्थ्याऐवजी प्रवक्ता होऊन बसतो. ज्या अनोळखी माणसांसाठी ही अट केली, ती भेटतच नाहीत. नियम मोडला असं कुणी म्हणणार नाही, पण हेतू हुकतो. आणि हे आळशी मुलांचंच होतं असं नाही. वेळापत्रक घट्ट असलं की हुशार मूलसुद्धा ओळखीचंच उचलतं.

तीन समूहांच्या सक्तीनं काय साधतं, ते एका उदाहरणावरून पाहू. अमेरिकेच्या 1790 च्या कायद्यानं बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’ना घेता येत होतं. 1870 मध्ये आफ्रिकन वंशाच्या लोकांना ते खुलं झालं. आशियाई मधल्या मध्ये लटकले. 1922 मध्ये सुप्रीम कोर्टानं ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सांगितलं, तुमची कातडी गोरी असेल, पण तुम्ही कॉकेशियन नाही. तीनच महिन्यांनी, 1923 मध्ये, त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी भगतसिंग थिंड या भारतीयाला सांगितलं, शास्त्रज्ञ तुम्हाला कॉकेशियन म्हणत असतील, पण सामान्य माणसाच्या लेखी तुम्ही गोरे नाही. थिंड यांच्या बाजूनं उच्च जातीच्या शुद्धतेचा युक्तिवाद झाला होता. मूलनिवासींना सरसकट नागरिकत्व मिळालं 1924 मध्ये आणि भारतीयांना ती वाट मोकळी झाली 1946 मध्ये. यातला एकटा थिंड खटला शिकवला तर ती भारतीयांवरच्या अन्यायाची गोष्ट होते. चारही समूह शेजारी ठेवले की लक्षात येतं, आपला माणूस वर्णाची भिंत पाडायला निघाला नव्हता, त्याला भिंतीच्या आतल्या बाजूला जागा हवी होती. मराठी घरातल्या मुलानं हे विशीच्या आत वाचावं असं मला फार वाटतं.

स्वतःचा समाज अभ्यासणं सोपं असतं, असं मात्र मी म्हणणार नाही. बाबासाहेब 1913 ते 1916 कोलंबियात होते, म्हणजे कोअर सुरू व्हायच्याही आधी. जातींच्या उगमावरचा निबंध त्यांनी 1916 मध्ये तिथेच, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये वाचला. पण त्यात त्यांनी जातीचे अभ्यासक सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या व्याख्या एकेक करून घासून पाहिल्या. घरचा विषय त्यांनी परक्या हत्यारांनी उघडला. अठरा वर्षांच्या मुलाला तशी हत्यारं आधी कुणीतरी हातात द्यावी लागतात.

एसीच्या उणिवाही आहेत. ती अमेरिकेच्या हद्दीबाहेर फारशी जात नाही. चीन किंवा पश्चिम आफ्रिका समजून घ्यायची असेल तर ग्लोबल कोअरच बरं. बरेच एसी कोर्स मोठ्या लेक्चर हॉलमध्ये होतात आणि खरी चर्चा डिस्कशन सेक्शनमध्ये. तो सेक्शन घेणारा जीएसआय (शिकवणारा पदव्युत्तर विद्यार्थी) कसा मिळतो यावर पुष्कळ अवलंबून असतं.

आता व्यवहाराचं. बर्कलेला कोर्सच्या नंबरामागे ‘एसी’ हवंच: एथ्निक स्टडीज 21एसी, जिओग्राफी 50एसी, ईएसपीएम (पर्यावरण विभाग) 50एसी असं. विषय तोच आणि ‘एसी’ नाही, तर तो धरत नाहीत, म्हणून त्या सेमिस्टरचं वेळापत्रक पाहूनच नाव घाला. सी-मायनस किंवा ‘पास’ पुरतं. एपीच्या (शाळेतच देता येणाऱ्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांच्या) मार्कांवर ही अट फिटत नाही, पण मंजूर यादीतला कम्युनिटी कॉलेजचा कोर्स चालतो. इंजिनिअरिंगला मानव्य आणि समाजशास्त्रांचे सहा कोर्स लागतात, त्यांतलाच एक एसी असतो, म्हणजे वेगळा बोजा नाही. गडबड होते नावनोंदणीत. फेज वनची, म्हणजे नोंदणीच्या पहिल्या फेरीची, 13.5 युनिटं (क्रेडिट) मेजरच्या विषयांत संपतात आणि एसी वेटलिस्टवर जातो. शेवटच्या वर्षापर्यंत थांबू नका. उन्हाळ्यातही एसी कोर्स असतात.

कोलंबियात इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी नियम वेगळा आहे. त्यांना लिट हम, कंटेम्पररी सिव्हिलायझेशन आणि ग्लोबल कोअरचे दोन कोर्स यांतली एकच वाट निवडायची असते. म्हणजे ग्लोबल कोअरला हातही न लावता पदवी घेता येते. कोलंबिया कॉलेजच्या, म्हणजे इंजिनिअरिंगबाहेरच्या, मुलांना ही सवलत नाही.

कोलंबियाच ठरलं असेल तर दोनांतला एक कोर्स अनेक संस्कृतींच्या तुलनेचा घ्या आणि दुसरा अशा प्रदेशाचा, ज्याची तुमच्या घरात कधी गोष्टसुद्धा निघाली नाही. पूर्व आशियातल्या मूळ ग्रंथांचा कोलोक्वियम त्यासाठी चांगला आहे. नावनोंदणी उघडेल त्याच दिवशी जागा धरा.