कोडी रचणारीच्या नजरेतून दाते-कर्वे कोश

आमच्या साप्ताहिकासाठी मी शब्दकोडी रचते. आषाढीच्या अंकात ‘संत’ कुठेतरी येणार, हे वाचक कोडं उघडायच्या आधीच धरून चालतात. म्हणून मग तीन अक्षरी गोसावी, बैरागी, महात्मा किंवा चार अक्षरी अवलिया, सत्पुरुष शोधावे लागतात. पण हे सगळे एकाच अर्थाचे म्हणून देता येतात का? अशा वेळी मी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा महाराष्ट्र शब्दकोश उघडते. दाते आणि कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत काढलेला हा कोश तिथे फुकट आहे. जाडजूड खंड मांडीवर घ्यायची कटकट गेली, मनगटं सुटली.

मला त्यातला सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे कंसातला ‘ल.’, म्हणजे लाक्षणिक. शब्द बोलण्यात कुठे वाकला, ते तिथे सापडतं. शिवाय ‘ज्ञा.’ (ज्ञानेश्वरी), ‘दा.’ (दासबोध), ‘एभा.’ (एकनाथी भागवत) अशा खुणांनी जुने दाखले दिलेले असतात. सवय झाली की ते वाचण्यातच तास जातो आणि कोडं राहतं बाजूला.

‘बुवा’ माझा लाडका. कीर्तनाला उभे राहतात ते बुवा, ख्याल गातात तेही बुवा (भास्करबुवा बखल्यांना साधू म्हणून कोणी ओळखत नाही), ‘असेल बुवा’ म्हणताना कोणीच नसतो, आणि ‘बुवाबाजी’ म्हटलं की पोलीस आठवतात. घरं दोनच, सूचना हव्या तितक्या. ‘महाराज’ही तसाच: गादीवरचा, व्यासपीठावरचा आणि गुजराती-मारवाडी घरात चुलीपुढचा. ‘गोसावी’ आज आडनाव म्हणून ऐकू येतं, पण लीळाचरित्रात चक्रधरस्वामींचा उल्लेख ‘गोसावी’ असाच आहे. इतक्या जुन्या मराठीसाठी त्याच संकेतस्थळावरचा तुळपुळे-फेल्डहाउस यांचा कोश जास्त कामाचा.

‘अवलिया’ मात्र सत्पुरुषाच्या बदल्यात देऊ नये, असं माझं ठाम मत. मुळात तो अरबी ‘वली’चा अनेकवचनी शब्द. आपण तो एकट्या माणसाला लावला, आणि आता तऱ्हेवाईक, कलंदर, आपल्याच तंद्रीतल्या कलावंतालाही लावतो. गंमत म्हणजे ‘संत’सुद्धा संस्कृत ‘सन्तः’ या अनेकवचनातूनच आलेला.

आता तक्रारी. अर्थ देऊन समानार्थी शब्दांचा गट मागावा, तर तशी सोय नाही. एका शब्दावरून दुसऱ्यावर आपणच उड्या मारायच्या. लेखन १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचं, त्यामुळे ‘घरांत’, ‘नाहीं’ असे अनुस्वार भेटत राहतात, आणि ‘साधु’ ऱ्हस्वच शोधावा लागतो. कोडं करणाऱ्याला हे फार नडतं. आजच्या नियमाने एकटा ‘साधू’ दीर्घ, पण ‘साधुसंत’मध्ये ऱ्हस्व. उभ्या शब्दाचा ‘धु’ आडव्यात ‘धू’ झाला की वाचकांची पत्रं आलीच म्हणून समजा.

आणि ‘मोठा संत लागून गेलास!’ यासारखे आजचे टोमणे हवे असतील तर कोश मिटा, एसटीत खिडकीजवळ बसा. पाचपैकी चार तारे.