सान होसेची भाषाशाळा: लेकरांसह स्पॅनिश शिकायला जाणाऱ्यांसाठी

सेवाकार्यासाठी लॅटिन अमेरिकेत निघालेल्या कुटुंबाने आधी स्पॅनिश कुठे शिकावी, असं कुणी विचारलं तर मी कोस्टारिकाच्या राजधानीतल्या, सान होसेतल्या इन्स्टिट्यूटो दे लेंग्वा एस्पान्योलाचं नाव घेते. १९४२ मध्ये कोलंबियातल्या मेदेयीन शहरात ही शाळा सुरू झाली आणि १९५० मध्ये सान होसेत आली. आता ती सान फ्रान्सिस्को दे दोस रिओस या शांत वस्तीत आहे. शिकवणं उत्तम आहेच. पण मी तिला पैकीच्या पैकी गुण देते ते वेगळ्या कारणासाठी. इथे नवऱ्याबरोबर बायकोलाही वर्गात बसता येतं.

हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. परदेशी गेलेल्या मिशनरी घरात काय होतं, ते आमच्या ओळखीत मी पाहिलं आहे. नवरा शिकतो, बाहेर पडतो, मंडळीत बोलतो. बायको मात्र स्वयंपाक, धुणं आणि लेकरं यांत अडकते आणि वर्षं उलटली तरी शेजारणीशी खुणांनीच बोलते. अशी बाई आतून खचते, आणि मग कुटुंब परत फिरतं. इथे आवारातच लहान मुलांचं पाळणाघर आहे. माझी धाकटी तिथे रमली म्हणून सकाळचे तास मला निर्धास्त बसून शिकता आले.

मी अहमदनगरची. सिंथिया फरारबाईंचं नाव आमच्याकडे आदराने घेतात. १८२७ साली त्या अमेरिकेतून मुंबईला आल्या, मराठी शिकल्या आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांची शाळा पाहून आल्यावर जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. फरारबाईंना मराठी आली नसती तर कुठल्या आईने आपली मुलगी त्यांच्या हाती सोपवली असती? भाषाशाळेच्या फीचा हिशेब करताना दोघांपैकी एकाचंच नाव घालायचा विचार मनात आला, तर हे आठवावं.

आता शिकवण्याबद्दल. वर्ग लहान असतात. व्याकरण, संभाषण आणि उच्चार हे वेगवेगळे तास. उच्चारांच्या तासाला आपण मराठी माणसं सुखात असतो. स्पॅनिशमधले त आणि द दातांना जीभ लावूनच म्हणायचे असतात, आणि प, क म्हणताना श्वास बाहेर फेकायचा नसतो. माझ्या अमेरिकन वर्गमैत्रिणी त्यासाठी घाम गाळत होत्या. आपल्याला जड जातो तो दोन स्वरांमधला मऊ ब, ओठ पुरते न मिटता म्हणायचा. आमच्या बाई प्रत्येकीसमोर उभ्या राहून तो घोटून घ्यायच्या, आणि चुकलं तरी त्यांचा आवाज कधी चढला नाही.

व्याकरणाबद्दल माझा आग्रहाचा सल्ला: वहीत इंग्रजी अर्थ लिहू नका, मराठी लिहा. 'मे गुस्ता एल काफे' हे वाक्य इंग्रजीवाल्यांना उलटं वाटतं, पण आपण 'मला कॉफी आवडते' असंच तर म्हणतो. 'तू यावंस असं मला वाटतं' यातलं 'यावंस' ज्याला कळतं, त्याला सब्जंक्टिव्ह (इच्छा, शंका दाखवणारं क्रियापदाचं रूप) नावाच्या राक्षसाची भीती नको. 'मला भूक लागली'साठी मात्र ते 'माझ्याकडे भूक आहे' असं म्हणतात, ते तसंच पाठ करावं. खरी कसोटी 'सेर' आणि 'एस्तार' या दोन क्रियापदांची. आपलं एकच 'आहे' तिथे दोघांत वाटलेलं असतं, आणि ते वर्गापेक्षा बाजारातच पक्कं होतं.

बाजार म्हणजे सापोते या भागातली फेरिया, आपला आठवडी बाजारच. ती रविवारी भरते, म्हणून आम्ही उजाडताच जाऊन उपासनेच्या आत परत यायचो. युका, चायोते, कच्ची केळी, कोथिंबीर, शहाळी (तिथे त्यांना पिपा म्हणतात), रामफळाचा भाऊ शोभेल असं ग्वानाबाना. विकणाऱ्या बायका घाई करत नाहीत. भाव विचारा, पाककृती विचारा, त्या सांगत राहतात. गृहपाठ घेऊन इथेच यावं. कोस्टारिकात लेकरांनाही 'उस्तेद' म्हणजे तुम्ही म्हणण्याची रीत आहे. आमची धाकटी बाहुलीलासुद्धा 'उस्तेद' म्हणू लागली, तेव्हा भाषा घरात आली याचा मला फार आनंद झाला.

थोरल्याचं सोपं नव्हतं. सात वर्षांच्या मुलाला पाळणाघर कसं चालेल? आम्ही त्याला जवळच्या एका खाजगी शाळेत घातलं. भाषा न येणाऱ्या मुलाकडे वेगळं लक्ष देऊ, असं तिथे प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्याला मागच्या बाकावर चित्रं रंगवत बसवलं. पोर घरी येऊन मराठीतही बोलेनासं झालं. पुढच्या सत्रात शाळा बदलली, तिथल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याला फुटबॉलच्या संघात घेतलं, आणि मैदानावर त्याचं तोंड उघडलं. म्हणून मोठ्या मुलांसाठी प्रवेश घेण्याआधी त्या शाळेतल्या एखाद्या परदेशी मुलाच्या आईला भेटा. माहितीपत्रकावर जाऊ नका.

घर शाळेपासून पायी जाता येईल असंच घ्यावं. मे ते नोव्हेंबर दुपारी पाऊस कोसळतो, कडेवर मूल घेऊन बसची वाट पाहणं नको होतं. सत्रं जानेवारी, मे आणि सप्टेंबरला सुरू होतात. लेकरं असतील तर जानेवारी धरा, कोरड्या दिवसांत घडी बसते. पत्त्यात घराचा नंबर क्वचितच असतो, 'चर्चपासून २०० मीटर दक्षिणेला' असंच सांगतात, तेव्हा पहिल्याच दिवशी आपला पत्ता स्पॅनिशमधून पाठ करा. आमच्या घरमालकाने निघताना अनामत रकमेतला बराच भाग ठेवून घेतला. त्यामुळे राहायला जाण्याआधी भिंतींवरच्या ओलीचेसुद्धा फोटो काढून घरमालकाला पाठवून ठेवा. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी व्हिसाची चौकशी तिकिटाच्या आधी करावी.

सामानात प्रेशर कुकर आणि गोडा मसाला असू द्या. तूरडाळीसाठी मात्र सामान वाढवू नका. तिथला काळा घेवडा गोडा मसाला आणि चिंचगूळ घालून केला की भाताबरोबर छान लागतो. आमच्या घरी शेजारणीने तो खाल्ला आणि कृती विचारली. ती मी तिला पूर्ण स्पॅनिशमधून सांगितली, फोडणीपासून.