नऊ महिने बीएल मनह्वा वाचल्यावर: पहिला कुठला घ्यावा?

गेल्या पावसाळ्यात तापाने चार दिवस घरी पडून होते, तेव्हा मोबाइलवर पहिला बीएल मनह्वा उघडला. मनह्वा म्हणजे कोरियन चित्रकथा आणि बीएल म्हणजे दोन पुरुषांची प्रेमकथा. आता नऊ महिने झाले, तीन अ‍ॅप वापरून झाली. ओळखीतलं कुणी ‘कुठून सुरू करू?’ असं विचारलं, की माझं उत्तर ठरलेलं असतं: सगळ्यात गाजलेल्यापासून नको.

मी तीच चूक केली होती. पहिला उघडला तो ‘पेंटर ऑफ द नाइट’. तो कोरियातल्या जुन्या जोसन राजवटीच्या काळात घडतो. त्यातली चित्रं अप्रतिम आहेत, कपड्यांच्या चुण्या बघत राहावंसं वाटतं. पण उमराव आणि चित्रकार यांच्या नात्याची सुरुवातच जबरदस्तीतून होते. मला ते सोसलं नाही, पंधराएक भागांनी बंद केलं. सहा महिन्यांनी तयारीने परत वाचलं, तेव्हा कुठे त्याची ताकद कळली. ‘किलिंग स्टॉकिंग’ तर प्रेमकथा म्हणून कुणाला सुचवूच नये. ती हिंसेने भरलेली थरारकथा आहे.

पहिला वाचायचा तो ‘सिमॅन्टिक एरर’. चू सांग-वू हा कॉम्प्युटर सायन्सचा, नियमाने चालणारा मुलगा. ग्रुप प्रोजेक्टमध्ये काम न करणाऱ्यांची नावं तो सरळ काढून टाकतो. त्यात डिझाइनच्या जांग जे-यंगचं पदवीचं वर्ष अडकतं. मग जे-यंग त्याच्या मागे लागतो. सांग-वूला लाल रंग आवडत नाही, म्हणून मुद्दाम लाल घालून येतो. त्याची वर्गातली नेहमीची जागा पकडतो. चीड कधी ओढ होते ते वाचताना आपल्यालाही उशिरा कळतं. मूळ वेब कादंबरी, तिच्यावरून मनह्वा, आणि २०२२ मध्ये खऱ्या नटांची आठ भागांची मालिकाही आली. मालिका छान आहे, तरी आधी मनह्वाच वाचा.

कारण आहे त्याचं स्क्रोल. पानं नसतात, अंगठ्याने खाली जायचं. प्रश्न विचारला जातो, मग नुसती पांढरी जागा, आणखी पांढरी जागा, आणि मग समोरच्याचा चेहरा. तो थांबा आपल्याच बोटात असतो. छापील पुस्तकात मला हे कधी अनुभवाला आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मराठी वाचकाला चटकन भिडेल. कोरियनमध्ये कॉलेजात वरच्या वर्गातल्याला ‘सनबे’ म्हणतात आणि जवळीक वाढली की धाकटा मुलगा ‘ह्योंग’, म्हणजे दादा, म्हणू लागतो. क्रियापदंही बदलतात. इंग्रजी भाषांतरात हे सगळं एका ‘यू’मध्ये विरघळतं. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येताना छातीत काय होतं ते आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. त्यामुळे मी वाचताना मनातल्या मनात मराठीत बोलते आणि अंतर कुठे मिटलं ते पकडते.

शांत काही हवं असेल, तर ‘अनइंटेन्शनल लव्ह स्टोरी’. नोकरी परत मिळावी म्हणून एक जण, प्रसिद्धीपासून दूर गेलेल्या कुंभार-कलाकाराशी ओळख वाढवतो, हेतू लपवून. खोटं उघडं पडणार हे माहीत असताना पुढचा भाग उघडायला हात धजत नाही.

आता पैशांचं. भाग कॉइनवर, म्हणजे अ‍ॅपमध्ये पैसे देऊन घेतलेल्या नाण्यांवर, उघडतात. थोडा वेळ थांबलं की पुढचा भाग फुकट, ही पद्धत कोरियात काकाओपेज या अ‍ॅपने २०१४ मध्ये आणली आणि आता बऱ्याच ठिकाणी दिसते. एका अ‍ॅपवर माझे बोनस कॉइन मुदत संपून गेले. तक्रार केली, उपयोग झाला नाही. तेव्हापासून एकदम मोठा पॅक घेत नाही. महिन्याला तीनशे रुपये, आणि शक्यतो पूर्ण झालेलाच मनह्वा, कारण सीझन संपल्यावर कित्येक महिने वाट बघावी लागते. चोरून टाकलेल्या प्रती सहज सापडतात, त्या मी वाचत नाही. आठवड्याला एवढी रंगीत चित्रं काढणाऱ्यांचे हात दुखतात, ते विश्रांतीसाठी सुट्टी घेतात, हे त्यांच्याच सूचनांमधून वाचलं आहे.

आणि वयाची खूण नक्की बघा. बरेच मनह्वा फक्त प्रौढांसाठी असतात. घरातला मोबाइल मुलांच्या हातात जात असेल, तर अ‍ॅपला पासवर्ड लावून ठेवा.